उजेडाची उसनवारी

नगर जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो पठारावरचा फुफाटा, टँकरच्या रांगा, ज्वारी-बाजरीची रानं आणि पाटाच्या पाण्यावर उभा ऊस. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी हे चित्र काही बदललेलं नाही. पण याच जिल्ह्याचा पश्चिमेकडचा कोपरा म्हणजे अकोले तालुका, आणि तिथलं गणित साफ उलटं आहे. नगर शहरात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात तो चांगल्या वर्षी ५,००० मिलिमीटरच्या घरात जातो. राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) इथलंच. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा इथल्याच भंडारदऱ्याच्या धरणात अडते. धरण पुरं झालं १९२६ साली, आणि खालचा ऊस आजही त्या पाण्यावर तगून आहे.

या कोपऱ्यातल्या जंगलाला १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात इथली सोनकी, तेरडा आणि कवळा बघायला गाड्यांची रीघ लागते. ही फुलं उघड्या माळावरची. त्यांचा फोटो मोबाइलनेही झकास येतो, कारण डोक्यावर आभाळ मोकळं असतं. या प्रकरणाचा विषय दुसरी फुलं आहेत: हिरडा, जांभूळ, अंजनाच्या दाट छपराखाली, कारवीच्या बुडाशी, शेवाळलेल्या कातळावर उगवणारी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. ती दिसायलाच वेळ लागतो आणि फोटोत पकडायला त्याहून जास्त.

किती अंधार?

ऑगस्टमधल्या एका सकाळी अकरा वाजता मी रतनवाडीच्या वरच्या रानात होतो. खाली अमृतेश्वराच्या देवळाचा दगडही त्या उजेडात काळा दिसत होता. डोळ्यांना मात्र फारसं काही जाणवत नव्हतं. डोळ्यांची बाहुली मोठी होते, मेंदू सांभाळून घेतो आणि आपल्याला वाटतं, ठीकच तर आहे. कॅमेरा असा सांभाळून घेत नाही. तो आकडा सांगतो.

स्वच्छ उन्हात, आयएसओ १०० ठेवून, एफ/१६ या छिद्राला साधारण १/१२५ सेकंद पुरतो. जगभरचे छायाचित्रकार हा ठोकताळा मीटर नसतानाही वापरत आले. त्या सकाळी त्याच आयएसओला माझा कॅमेरा एफ/८ वर पूर्ण एक सेकंद मागत होता. एफ/१६ पेक्षा एफ/८ मधून चौपट उजेड आत येतो, आणि एक सेकंद हा १/१२५ सेकंदाच्या १२५ पट. चार गुणिले सव्वाशे म्हणजे पाचशे. उन्हातल्या माळापेक्षा त्या रानात पाचशे पट कमी उजेड होता, आणि ती भरदुपारच होत आली होती.

याच्यावर आणखी एक कर बसतो. लेन्स जितकी फुलाच्या जवळ न्यावी, तितका सेन्सरवर पोचणारा उजेड पातळ होतो. फूल सेन्सरवर निम्म्या आकाराचं उमटवायचं असेल तर साधारण सव्वादोन पट उजेड जास्त लागतो. मूळ आकाराचं उमटवायचं असेल तर चौपट. म्हणजे एक सेकंदाचे झाले चार सेकंद. लहान फुलाचा फोटो काढणाऱ्याला अंधार असा दोन्ही बाजूंनी गाठतो, रानाच्या आणि लेन्सच्या.

तीन सावकार

उजेड कमी पडला की तो उसना आणावा लागतो. उसनवारीला दारं तीनच: छिद्र, आयएसओ आणि वेळ. तिघेही देतात, पण तिघांचं व्याज वेगळं आहे.

पहिलं दार छिद्राचं. एफ/८ ऐवजी एफ/४ करा, चौपट उजेड मिळाला. व्याज मात्र खोलीत भरावं लागतं. निम्म्या आकाराचा फोटो घेताना फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एफ/८ वर जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा पट्टा धारदार दिसतो. एफ/४ वर तो दीड मिलिमीटर उरतो. पुंकेसर स्पष्ट आले तर पाकळी धुरकट, पाकळी साधली तर पुंकेसर गायब. उलट छिद्र फारच बारीक केलं, एफ/२२ च्या पलीकडे नेलं, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून हे दार फार उघडू नये आणि फार लोटूही नये.

दुसरं दार आयएसओचं. १०० वरून ८०० केलं की आठपट उजेड मिळाल्यासारखं होतं. मिळाल्यासारखं एवढ्यासाठी म्हटलं, की प्रत्यक्षात उजेड तेवढाच असतो, कॅमेरा त्याचा आवाज फक्त मोठा करतो. आवाजाबरोबर खरखरही वाढते आणि पाकळीवरच्या नाजूक शिरा त्या दाण्यांत हरवतात. आजचे कॅमेरे ८०० ते १६०० पर्यंत बऱ्यापैकी निभावतात. फिल्मच्या काळात हे दार जवळजवळ बंदच होतं. १९९० साली आलेली फुजीची व्हेल्विया ही पारदर्शिकांची फिल्म रंगांसाठी लोकांना फार आवडे, पण तिची संवेदनशीलता होती फक्त ५०. वर, एक सेकंदापलीकडे उघडीप गेली की फिल्मचा प्रतिसादच मंदावतो, त्यामुळे हिशेबापेक्षा जास्त वेळ द्यावा लागे. आणि फोटो आला की नाही, हे घरी परतल्यावर कळे. सह्याद्रीतल्या फुलांच्या आपल्याकडच्या पहिल्या सचित्र पुस्तकांपैकी श्रीकांत इंगळहळीकर यांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ २००१ सालचं, म्हणजे डिजिटल कॅमेरा घरोघरी पोचण्याआधीचं. त्यातलं सावलीतलं एखादं फूल पाहताना हे ध्यानात ठेवावं.

तिसरं दार वेळेचं. शटर जास्त काळ उघडं ठेवायचं. याचं व्याज सर्वात कमी, एक अट पाळली तर: फूल हलता कामा नये, आणि कॅमेराही. अट मोडली तर मात्र हाच सावकार सर्वात निर्दयी. समजा देठ सेकंदाला फक्त एक मिलिमीटर या गतीने झुलतोय. डोळ्यांना तो स्थिरच वाटेल. अर्ध्या सेकंदात तो अर्धा मिलिमीटर सरकेल, आणि निम्म्या आकाराच्या फोटोत सेन्सरवर पाव मिलिमीटर. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००६ मिलिमीटरचा असतो. म्हणजे फुलाची कड चाळीस पिक्सेल फरफटली. फोटो गेला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: दाट रानात महागडी लेन्स आणि नवा कॅमेरा यांनी थोडा फरक पडतो, वारा अडवता आला तर खूप पडतो. पहिल्या दोन दारांवर कमीत कमी उसनं घ्यावं आणि बाकी सगळं वेळेकडून.

वारा अडवणं

घाटमाथ्यावरचा जुलैचा वारा अडवायला जाऊ नये. त्या दिवसांत घाटघरच्या कड्यावर माणूसच नीट उभा राहत नाही. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच्या पहाटा त्यातल्या त्यात शांत. सात ते नऊ ही वेळ बहुधा चांगली. त्यानंतरही वारा सलग वाहत नाही, तो श्वास घेतो. झुळूक येते, जाते, मग दहा-पंधरा सेकंद सगळं स्तब्ध होतं. हा ताल दहा मिनिटं नुसता बसून ऐकला तर कळतो. वरच्या फांद्यांची सळसळ आधी ऐकू येते, जमिनीवर ती झुळूक थोडी उशिरा पोचते. बोट शटरवर ठेवून कान वर लावायचे.

पाऊस थांबल्यावरही रान गळत असतं. पागोळ्यांसारखे टपोरे थेंब पानापानांवरून पडतात आणि वारा नसतानाही फूल नाचवतात. त्यावर उपाय छत्रीचा. काळी छत्री उरलासुरला उजेडही खाते, म्हणून पांढरी किंवा फिकी घ्यावी. तिने थेंब अडतात, वाराही अडतो आणि उजेड गाळून खाली येतो.

माझा छत्रीवरचा भरवसा मात्र एका आजींनी कमी केला. त्या रानाच्या कडेच्या खाचरात भात लावणीनंतरचं गवत काढायला आल्या होत्या. अंगावर इरलं होतं, बांबूच्या कामट्यांचं, त्यावर पानांऐवजी निळा प्लास्टिकचा कागद लावलेलं. मी ओल्या कातळापाशी पालथा पडलेला पाहून त्या थांबल्या.

“काय हरवलं का रं बाबा?”

“नाही आजी, फुलाचा फोटो काढतोय. वारा थांबंना.”

त्यांनी अंगावरचं इरलं उतरवलं, कातळाच्या वाऱ्याकडच्या अंगाला उभं केलं आणि बुडाला दगड लावला. “आता काढ.” पाठीचा पाऊस आणि अंगावर येणारा वारा अडवण्यासाठीच घडवलेली ती वस्तू. तीन बाजूंनी आडोसा, एका बाजूने मोकळी. मॅक्रो फोटोग्राफीसाठी मुद्दाम आडोसा बनवायचा म्हटला तर याच आकाराचा बनवावा लागेल. एकच अडचण: निळ्या प्लास्टिकची झाक फुलावर आली. ती आतून पांढरा कागद लावून घालवता येते. तेव्हापासून माझ्या पिशवीत घडी घातलेला ड्रॉइंग पेपर असतो.

कॅमेरा कशावर टेकवायचा?

ही फुलं जमिनीपासून पाच-दहा सेंटीमीटरवर असतात. नेहमीचा ट्रायपॉड तिथवर खाली येत नाही. ज्याचे पाय आडवे पसरतात असा असेल तर उत्तम. नाहीतर धान्याची पिशवी. जाड कापडाची लहानशी पिशवी शिवून तीत किलोभर ज्वारी भरायची आणि तिच्यावर लेन्स रुतवायची. कातळाच्या उंचसखलपणाशी ती आपोआप जुळवून घेते. फक्त आत प्लास्टिकची पिशवी घालायला विसरू नये. मी एकदा विसरलो. आठवड्याने घरी सामान काढलं, तर ज्वारीला चांगले लांब मोड आलेले. आता वरई भरतो. वरईचा दाणा बारीक, लेन्स छान बसते, आणि ती अकोल्याच्या बाजारातच मिळते.

शटर बोटाने दाबू नये. दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे दाबताना बसलेला धक्का विरून जातो. फोकस हाताने करावा. कमी उजेडात कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस पुढेमागे चाचपडत राहतो आणि तेवढ्यात वाऱ्याची स्तब्धता संपते. मोबाइलवाल्यांनीही हेच करावं: फोन दगडाला टेकवावा, टायमर लावावा. रात्रीच्या मोडमध्ये फोन एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो, म्हणजे तोही वेळच उसना घेतो. फूल हललं तर तोही फसतो.

आडवं पडण्याआधी एक नजर आजूबाजूला फिरवावी. हिरवा चापडा हा विषारी साप याच उंचीवर, याच पानांत, हलल्याशिवाय तासन् तास बसतो. तोही फोटोसाठी थांबलेला नसतो.

दोन फुलं, दोन रीती

त्या दिवशीचं फूल सोनेरिला होतं. भिंतीसारख्या उभ्या ओल्या कातळावर, शेवाळात. रोप वीतभरही नाही. फूल दीड सेंटीमीटरचं, गुलाबी, तीन पाकळ्यांचं. पाकळ्या तीन, पुंकेसरही तीन, पिवळे आणि टोकदार. या कुळातल्या बहुतेक फुलांच्या परागकोशांना टोकाला बारीकसं छिद्र असतं आणि पराग मिठाच्या भांड्यातून मीठ पडावं तसे त्यातून बाहेर येतात. त्यासाठी भुंग्यांसारख्या माश्यांना फुलाला धरून, पंख न फडफडवता उड्डाणाचे स्नायू थरथरवत ते हलवावे लागतात. फोटोत हे छिद्र दिसलं तर फोटो नुसता सुंदर राहत नाही, माहितीचाही होतो.

सोनेरिला जवळजवळ सपाट असतं, आणि हीच सवलत. कॅमेऱ्याचा सेन्सर पाकळ्यांच्या पातळीला समांतर ठेवला तर तीन मिलिमीटरच्या धारदार पट्ट्यात जवळजवळ सगळं फूल मावतं. मी एफ/८ घेतलं, आयएसओ ४००, अर्धा सेकंद. समांतर आहे की नाही हे वरून न बघता बाजूने, लेन्सच्या कडेकडून पाहावं.

सापकांद्याची गोष्ट वेगळी. हा पावसाच्या सुरुवातीला, जूनमध्येच जमिनीतून वर येतो, रानाच्या कडेला. आपण ज्याला फूल म्हणतो तो पांढरा फणा म्हणजे खरं तर एक पान. खरी फुलं आत, दांड्याच्या बुडाशी, अगदी बारीक. फण्याला खोली असते, त्यामुळे सगळंच धारदार येणार नाही. मग ठरवावं लागतं: फण्याची कड हवी की आतला दांडा? दोन्ही हवं असेल तर फोकस किंचित किंचित सरकवत आठ-दहा फोटो घेऊन संगणकावर जोडायचे. त्यासाठी मात्र वारा आठ-दहा वेळा थांबायला हवा.

शिवाय फणा पांढरा आणि मागचं रान काळोखं. कॅमेऱ्याचा मीटर सगळ्याची सरासरी मध्यम करड्या रंगाला आणू बघतो, म्हणून काळोख उजळतो आणि फणा चुन्यासारखा सपाट होतो. शिरा नाहीत, पोत नाही. अशा वेळी उघडीप अर्धा ते एक स्टॉप कमी करावी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). सावलीतला काळोख नंतर थोडा उचलता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही.

हिरवी गाळणी

पानांच्या छपरातून गाळून आलेला उजेड हिरवट असतो. आपला मेंदू तो दुरुस्त करतो, कॅमेरा चुकतो. सोनेरिलाचा गुलाबी मातकट होतो, पांढऱ्या आमरीवर (ऑर्किडवर) पोपटी छटा येते. फुलाशेजारी पांढरा कागद धरून एक फोटो काढून ठेवावा. घरी त्याच्यावरून रंग जुळवता येतात. घरचा रुमाल या कामी वापरू नये. नीळ घातलेल्या रुमालाची पांढराई निळसर असते, आणि मग सगळा संच पिवळा होतो. ओल्या पानांची चकाकी पोलरायझर गाळणीने जाते, पण ती दीड-दोन स्टॉप उजेड घेते. परवडत असेल तेव्हाच लावावी.

फ्लॅश? चालतो, पण एकटा, उघडा नको. जवळचं फूल उजळतं, मागचं रान काळं ठिक्कर पडतं आणि फूल स्टुडिओत काढल्यासारखं दिसतं. तसंच हवं असेल तर ती वेगळी कला आहे. जर्मनीतल्या कार्ल ब्लॉसफेल्ट यांनी घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने तोडून आणलेल्या डहाळ्या आणि कळ्या एकरंगी पार्श्वभूमीवर टिपल्या आणि १९२८ साली त्यांचं पुस्तक निघालं, ते आजही चाळलं जातं. आपण मात्र अभयारण्यात आहोत. इथे डहाळीही तोडता येत नाही, ना कायद्याने, ना रीतीने. आणि सावलीतल्या फुलाची सावली काढून घेतली तर त्याचा पत्ताच पुसल्यासारखं होतं. फार तर औषधाच्या रिकाम्या पाकिटाचा चंदेरी कागद चुरगळून, सपाट करून फुलाच्या सावलीकडच्या बाजूला धरावा. पाकळीच्या बुडाला आवश्यक तेवढाच उजेड पोचतो.

फोटोआधी फुलासमोरचं गवत उपटू नये, हाताने बाजूला वाकवावं आणि नंतर सोडावं. गुडघा टेकवण्यापूर्वी खाली काय आहे ते पाहावं. सोनेरिलाची रोपं कळपाने उगवतात, एका फोटोपायी दहा चिरडली जाऊ शकतात. सुंदर फोटोबरोबर आणखी तीन काढावेत: अख्खं रोप, पान, फूल बाजूने. ओळख पटवायला तेच कामी येतात. दुर्मीळ आमरी सापडली तर जागा सांगत बसू नये. कंद उकरून नेणारे लोक असतात.

त्या सकाळी साडेचार तासांत माझ्या हाती तीन फुलांचे फोटो आले. चौथ्यासाठी कातळापाशी पुन्हा आडवा झालो, तेवढ्यात ढग फाटले. छपरातल्या एका भोकातून ऊन थेट सोनेरिलाच्या झुबक्यावर उतरलं. सकाळपासून ज्याच्या नावाने मी आकडे मोडत होतो तो उजेड आला होता, पाचशे पट. पडद्यावर पाहिलं, तर निम्मं फूल पांढरं जळालेलं, निम्मं काळं, मध्ये पाकळीचा पत्ता नाही. मी उठलो, छत्री उघडली आणि ऊन अडवून फुलावर पुन्हा सावली धरली.